घामाच्या ग्रंथीचा कर्करोग : एका दुर्लक्षित गाठीची ओळख

शरीरातील सर्वांत मोठा अवयव कोणता, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला तर बहुतेक जण यकृत किंवा फुप्फुस असे उत्तर देतात. वास्तविक तो मान त्वचेचा आहे. प्रौढ माणसाची त्वचा पसरून मोजली तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरते. एवढा मोठा अवयव आपण रोज पाहतो, धुतो, पुसतो. तरीही त्याच्यावर आलेल्या बारीकसारीक गाठीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गेलेच तर ‘चामखीळ असेल’, ‘कुरूप असेल’ असे म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. क्वचित मात्र त्या गाठीमागे गंभीर आजार दडलेला असतो. अशाच एका अत्यंत दुर्मिळ, पण आक्रमक आजाराची माहिती प्रस्तुत लेखात आम्ही सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांसाठी देत आहोत. वैद्यकशास्त्रात या आजाराला ‘पोरोकार्सिनोमा’ असे म्हणतात. हा घामाच्या ग्रंथीचा कर्करोग होय.

इतक्या दुर्मिळ रोगाची माहिती सर्वसामान्य वाचकाला कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे सविस्तर उत्तर लेखाच्या ओघात येईलच. येथे एवढेच सांगतो की, या रोगात रुग्णाचे पुढे काय होणार हे पुष्कळदा एका साध्या गोष्टीवर ठरते. ती गोष्ट म्हणजे, कापून काढलेली गाठ तपासणीला गेली की कचऱ्यात गेली.

घाम येतो कोठून?

आपल्या त्वचेचे मुख्यतः दोन थर आहेत. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि तिच्याखालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी असतात. एका माणसाच्या अंगावर अशा सुमारे २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार ‘एक्राइन’ ग्रंथींचा. या जवळजवळ सर्वांगावर पसरलेल्या असून तळहात व तळपायांवर त्या सर्वांत दाट असतात. दुसरा प्रकार ‘अ‍ॅपोक्राइन’ ग्रंथींचा. या मुख्यतः काखेत व जांघेत असतात, केसांच्या मुळाशी उघडतात आणि मूल वयात आल्यावर काम करू लागतात.

एक्राइन ग्रंथीची रचना पाहण्यासारखी आहे. अंतस्त्वचेत खोलवर सुताची गुंडी करून ठेवावी तसे तिचे वेटोळे असते. तेथे घाम तयार होतो. या वेटोळ्यातून एक बारीक नळी सरळ वर येते आणि बाह्यत्वचेतून जाताना मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे वळत वळत पृष्ठभागावर उघडते. हेच घर्मरंध्र. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. भर उन्हात शेतात, रस्त्यावर किंवा बांधकामावर राबणारा माणूस उभा राहू शकतो तो या यंत्रणेच्या बळावर.

पोरोकार्सिनोमा हा रोग या नळीच्या शेवटच्या, म्हणजे बाह्यत्वचेतून जाणाऱ्या मळसूत्री भागातील पेशींशी संबंधित आहे. ‘पोरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वाट किंवा मार्ग असा आहे. ‘कार्सिनोमा’ हा शब्द खेकडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्या ‘कर्क’ या शब्दाचाही अर्थ खेकडाच. म्हणजे घामाच्या वाटेवर बसलेला खेकडा, असे या नावाचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर विद्यार्थ्यांना ते लक्षात ठेवणे सोपे जाईल.

रोगाची ओळख कशी पटली?

वैद्यकीय इतिहासाच्या मानाने हा रोग नवा आहे. रोग पूर्वीही होत असणार. त्याला वेगळे नाव मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. १९५६ साली गोल्डमन, पिंकस व रोगिन या अमेरिकेतील डॉक्टरांनी तळपायावर येणाऱ्या एका गाठीचे वर्णन केले. ही गाठ घामाच्या नळीच्या पेशींची होती आणि ती निरुपद्रवी होती. तिला ‘पोरोमा’ असे नाव मिळाले. पुढे १९६३ साली पिंकस आणि मेहरेगान यांनी याच पेशींपासून झालेल्या, त्वचेत अनेक ठिकाणी पसरलेल्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. १९६९ साली मिशिमा व मोरिओका या जपानी शास्त्रज्ञांनी त्याला ‘पोरोकार्सिनोमा’ हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले.

पोरोमा आणि पोरोकार्सिनोमा यांचे नाते समजून घेणे महत्त्वाचे आहे. काही रुग्णांत हा कर्करोग सुरुवातीपासून कर्करोग म्हणूनच येतो. काहींत मात्र वर्षानुवर्षे अंगावर असलेल्या निरुपद्रवी पोरोमाचे रूपांतर कर्करोगात होते. असे का होते याचा एक धागा अलीकडे हाती लागला आहे. २०१९ साली जपानमधील संशोधकांनी असे दाखवून दिले की, या गाठींच्या पेशींत ‘वायएपी-१’ नावाच्या जनुकाचा तुकडा दुसऱ्या एखाद्या जनुकाला चुकीच्या जागी जोडला गेलेला असतो. अशा जोडणीमुळे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत मिळत राहतो. त्यांनी तपासलेल्या ११ पोरोकार्सिनोमांपैकी ७ मध्ये अशी जोडणी सापडली. पोरोमांमध्ये तर ती याहूनही अधिक प्रमाणात सापडली. दोन्ही गाठी एकाच घराण्यातील आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

हा रोग किती दुर्मिळ आहे? त्वचेच्या सर्व प्रकारच्या अर्बुदांमध्ये त्याचे प्रमाण ०.००५ ते ०.०१ टक्के इतके सांगितले जाते. म्हणजे दर दहा ते वीस हजार अर्बुदांमागे एक. एखाद्या डॉक्टरने आयुष्यभर प्रॅक्टिस केली तरी त्याला हा रुग्ण भेटेलच असे नाही. साठी उलटलेल्या स्त्री-पुरुषांत तो अधिक आढळतो, तरुणांत क्वचित. पाय, त्यातही गुडघ्याखालचा भाग, तसेच डोके व मान ही त्याची नेहमीची ठिकाणे. पाठ, पोट व हात येथेही तो होऊ शकतो.

लक्षणे

या रोगाची अडचण अशी की, त्याचे स्वतःचे असे खास रूप नाही. कधी ती लालसर, गुळगुळीत गाठ असते. कधी चामखिळीसारखी खरखरीत. कधी चपटा चट्टा. तर कधी न भरणारी जखम. सुरुवातीला ती दुखतही नाही. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षे ती अंगावर बाळगतो. मात्र पुढील बदलांपैकी एकही दिसला तर तो धोक्याचा इशारा समजावा.

१) अनेक वर्षे होती तशीच राहिलेली गाठ अचानक वाढू लागणे.

२) चप्पल किंवा कपडा नुसता घासला तरी गाठीतून रक्त येणे.

३) गाठ फुटून तेथे जखम होणे आणि ती महिनाभरात न भरणे.

४) पूर्वी न दुखणारी गाठ दुखू लागणे.

५) कापलेली किंवा जाळलेली गाठ त्याच जागी पुन्हा उगवणे.

६) पायावर गाठ असताना त्याच बाजूच्या जांघेत, किंवा हातावर गाठ असताना त्याच बाजूच्या काखेत गोळा हाताला लागणे.

शेवटच्या लक्षणाबद्दल थोडे अधिक सांगणे जरूर आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. जखम भरली की अवधाणही जिरते. परंतु जखम नसताना आलेले, न दुखणारे, टणक आणि न जिरणारे अवधाण हे वेगळे प्रकरण आहे. कर्करोगाच्या पेशी रसवाहिन्यांतून वाहत जाऊन तेथील रसग्रंथीत अडकल्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी गरम विटेचा शेक घेत घरी बसणे धोक्याचे ठरते.

चुकते कोठे?

ही गाठ ओळखण्यात उशीर का होतो, हे आमच्या लेखाचे मुख्य सांगणे आहे. तळपायाला काही टोचू लागले की आपण प्रथम त्याला कुरूप समजतो. बाजारातील कुरूपाची पट्टी लावतो. ती लागू पडली नाही की दाढीच्या पात्याने वरची कातडी तासतो. चामखीळ वाटली तर कोणी तिला घोड्याचा केस बांधतो, कोणी चुना आणि सोडा लावून ती जाळतो. गाठीचा वरचा भाग गळून पडतो आणि सर्वांना बरे वाटते. मुळाशी असलेल्या पेशी मात्र जागच्या जागी राहतात. काही महिन्यांनी गाठ पुन्हा येते, तेव्हा ती पूर्वीपेक्षा खोल गेलेली असते.

काही जण दवाखान्यात जातात. तेथे गाठ सुन्न करून दहा मिनिटांत कापली जाते, टाके पडतात, पट्टी बांधली जाते. खरा प्रश्न यानंतरचा. कापलेल्या तुकड्याचे काय झाले? ‘साधी चामखीळ होती’ असे म्हणून तो टाकून दिला तर त्याबरोबर निदानही टाकून दिले जाते. कधी डॉक्टर तपासणी करायला सांगतात, तुकडा डबीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात, आणि खर्च वाचवावा म्हणून ती डबी घरीच राहते. यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला दोन दिवसांची मजुरी मोलाची असते, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु हा खर्च वाचवण्याजोगा नाही. डोळ्यांनी पाहून ही गाठ ओळखणे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञालाही कठीण जाते. ती ओळखली जाते सूक्ष्मदर्शकाखालीच.

निदान कसे करतात?

गाठीचा तुकडा काढून तपासणे याला बायॉप्सी म्हणतात. गाठ लहान असेल तर ती संपूर्ण काढतात; मोठी असेल तर तिचा खोलवरचा तुकडा घेतात. नुसता वरवरचा पापुद्रा घेतला तर गाठ किती खोल गेली आहे ते कळत नाही. काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिन या द्रावणात ठेवावा लागतो. तो कोरड्या कापसात किंवा साध्या पाण्यात ठेवला तर पेशी खराब होतात व तपासणी निरुपयोगी ठरते. प्रयोगशाळेत हा तुकडा मेणात बसवून त्याचा ‘ब्लॉक’ तयार करतात. त्याचे केसाहूनही पातळ काप काढून, ते रंगवून, विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींच्या घोळक्यात घामाच्या नळीसारख्या सूक्ष्म पोकळ्या दिसल्या की या रोगाचा संशय बळावतो. मग विशेष रंगद्रव्यांच्या चाचण्या करून खात्री केली जाते. त्वचेचा दुसरा, अधिक आढळणारा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळसा असाच दिसतो. म्हणून अहवालात शंका व्यक्त केलेली असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे इष्ट.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मेणाचा ब्लॉक अनेक वर्षे टिकतो. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रुग्णाने अहवालाबरोबर हा ब्लॉक व काचपट्ट्या मागून घ्याव्यात. त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया न करता त्याच तुकड्याची फेरतपासणी करता येते. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत अशी फेरतपासणी नेहमी होते. निदान पक्के झाल्यावर रसग्रंथी, फुप्फुसे व इतर अवयवांत रोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी, स्कॅन इत्यादी तपासण्या करतात.

उपचार आणि आशा

या रोगावरील मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. गाठीभोवतीची थोडी निरोगी दिसणारी त्वचाही तिच्यासोबत काढतात व काढलेल्या भागाच्या कडा तपासतात. कडेपर्यंत रोग पोहोचलेला नसेल तर गाठ पूर्ण निघाली असे समजतात. ‘मोज’ पद्धतीच्या शस्त्रक्रियेत थराथराने त्वचा काढून प्रत्येक थर तिथल्या तिथे तपासला जातो. ही सोय मात्र मोजक्याच ठिकाणी आहे. जखम मोठी झाल्यास मांडीची त्वचा काढून तेथे लावता येते. ‘पाय कापतील’ या भीतीने अनेक जण रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. वेळेवर आलेल्या रुग्णाचा पाय सहसा वाचतो. उशीर हाच पायाचा खरा शत्रू आहे.

लंडनच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला ६९ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांची पुढील हकिगत मिळू शकली, त्यांच्यापैकी १७ टक्के रुग्णांत गाठ त्याच जागी परत आली, १९ टक्क्यांत रोग रसग्रंथीत पोहोचला आणि ११ टक्क्यांत तो दूरच्या अवयवांत पसरला किंवा रुग्ण दगावला. गाठ ७ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली असणे, पेशींचे विभाजन फार वेगाने होत असणे आणि पेशी रक्तवाहिन्यांत किंवा रसवाहिन्यांत शिरलेल्या असणे, ही वाईट लक्षणे ठरली. या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेने गुण येतो, ही आशेची बाजू. रसग्रंथीत पोहोचल्यावर मात्र हा रोग फार घातक होतो. अशा रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश दगावल्याचे वैद्यकीय नोंदी सांगतात. काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार देतात. पसरलेल्या रोगावर औषधे वापरली जातात, परंतु हमखास गुण देणारे ठरावीक औषध अद्याप नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षे ठरावीक अंतराने तपासणीला जाणे आवश्यक आहे.

उपचार कोठे घ्यावेत, हा पुढचा प्रश्न. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे असून तेथे देशभरातून रुग्ण येतात. परंतु पहिली तपासणी करण्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग, शस्त्रक्रिया व विकृतिशास्त्र हे विभाग असतात. तेथे बायॉप्सी होऊ शकते. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन आधी त्यांना भेटावे.

काही गैरसमज

घामाच्या ग्रंथीचा कर्करोग असे नाव ऐकल्यावर काही प्रश्न हमखास विचारले जातात. जास्त घाम येणाऱ्याला हा रोग होतो का? तसे आढळलेले नाही. कष्टकऱ्याचा घाम हा रोगाचे कारण नसून शरीराचे रक्षण करणारी गोष्ट आहे. हा रोग घामातून, स्पर्शातून, एकत्र जेवणातून किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने दुसऱ्याला होतो का? मुळीच नाही. रुग्णाची जखम पाहून त्याला वेगळे बसवणे, त्याचे ताट वेगळे काढणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. बायॉप्सी केल्याने, म्हणजे गाठीला लोखंड लागल्याने, रोग भडकतो का? हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी अनेकांनी मोलाचे महिने घालवले आहेत. योग्य पद्धतीने केलेली बायॉप्सी ही उपचाराची पहिली पायरी आहे. रोग वाढतो तो वाट पाहण्याने.

दुर्मिळ रोगाची माहिती कशासाठी?

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. आपल्यापैकी कोणाला पोरोकार्सिनोमा होण्याची शक्यता अगदी कमी आहे. परंतु तळपायावर, नखाखाली, जुन्या भाजलेल्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेवर त्वचेचे इतरही कर्करोग होतात, आणि त्यांचीही सुरुवात अशीच साधी दिसते. ज्या सवयीने हा दुर्मिळ रोग वेळेवर सापडतो, त्याच सवयीने तेही सापडतात. मधुमेह असलेल्यांनी, तसेच बधिर पायांच्या व्यक्तींनी तर रोज रात्री पाय धुतल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरातल्या मुलांकडून पाहून घ्यावेत. म्हाताऱ्या आईचा तळवा दोन मिनिटे उजेडात धरून पाहणे, यास पैसा लागत नाही.

विद्यार्थी मित्रांना आमचे आणखी एक सांगणे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेण्याचे, कागदपत्रे वाचण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे. डॉक्टरांपुढे बोलताना आपले आजोबा-आजी संकोचतात. तुम्ही संकोचू नका. अंगावरची कोणतीही गाठ काढली गेली की नम्रपणे, पण स्पष्टपणे दोन प्रश्न विचारा : “डॉक्टरसाहेब, हा तुकडा तपासणीला कोठे पाठवायचा? आणि त्याचा अहवाल कधी मिळेल?” अहवाल मिळाला की तो फाइलला लावून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय टाके काढून घरी परतू नका. एवढी दक्षता आपण प्रत्येक घरात रुजवू शकलो, तर या स्मरणिकेची ही पाने कारणी लागली असे आम्ही समजू.